वाचणारीचा वाटा

मे महिन्यात ईडा फर्नांडिसच्या पडवीत शिरायचं तर आधी खाली बघून पाय ठेवावा लागतो. टोपल्यांत कोकमाचे रातांबे, सुपांत रातांबे, फोडलेल्या सालींनी भरलेल्या पराती, बियांचे ढीग, आणि या सगळ्याच्या मधोमध वाडीतल्या बायका, कोपरापर्यंत लाल झालेल्या. बाहेरून येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, इथे काहीतरी भलतंच घडून गेलंय. प्रत्यक्षात इथे पुस्तकवाचन चालू असतं.

रीत अशी, की बायकांनी आपापले रातांबे ईडाच्या पडवीत आणायचे, कारण तिच्या अंगणात दिवसभर कडक ऊन असतं आणि सोलं, म्हणजे आमसुलं, तिथे चांगली वाळतात. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी फोडायचं. जी वाचते तिने सुरीला हात लावायचा नाही. तिची टोपली बाकीच्या जणी वाटून घेतात आणि फोडून देतात. त्याला वाचणारीचा वाटा म्हणतात.

तो वाटा गेली कित्येक वर्षं आनंदीबाईकडे होता. खरं सांगायचं तर तो तिला विद्येमुळे नव्हे, अडाणीपणामुळे मिळाला. नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी तिने रातांबे असे काही फोडले, की साल एकीकडे, बिया दुसरीकडे आणि रस थेट सासूच्या लुगड्यावर. सासूने सुरी काढून घेतली. सून मॅट्रिक झालेली आहे हे तिला नेमकं तेव्हा आठवलं, आणि तिने सुनेच्या हातात पुस्तक दिलं. आनंदीबाईने ते पुन्हा खाली ठेवलं नाही. वाचायला बसली की ती एकटी राहायची नाही. सासू झाली की नाकात बोलायची, सावकार झाला की पोट पुढे काढायची, आणि मध्येच कुणी ‘आता ही कोण गो?’ असं विचारलं, तर पुस्तक मांडीवर पालथं घालून तिचं अख्खं माहेर सांगायची. आतल्या खोलीत ईडाचा नवरा साल्वादोर दुपारभर डोळे मिटून पडायचा. तो झोपलेला नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आनंदीबाईची सत्तरी जवळ आली आणि डोळ्यांनी असहकार पुकारला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. उरलेलं दुखणं दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचं निघालं. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, “चष्मा बदलून आता उपयोग नाही, आजी. अक्षर मोठं पाहिजे.” हे तिला सांगून काय उपयोग? छापणाऱ्याला सांगायला हवं होतं.

गेल्या मे महिन्यातच तिची फजिती सुरू झाली होती. एका पानावर पोस्टमास्तर वारले आणि दोन ओळी गाळल्या गेल्यामुळे पुढच्याच परिच्छेदात ताटावर बसले. पडवीत रोज बसणाऱ्या चौघींत वयाने सगळ्यांत मोठी काशीबाई. तिच्या कानातून काही सुटत नाही.

“आनंदी, पोस्टमास्तर मगाशी मेलो मा? मगे आता जेवता तो कोण?”

“तेचो भाव,” आनंदीबाईने ठोकून दिलं. त्या भावाला मग कादंबरी संपेपर्यंत सांभाळता सांभाळता तिच्या नाकी नऊ आले.

हे झालं गमतीचं. पण आनंदीबाईला खरी काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. दिसत नाही असं एकदा कबूल केलं, की हातातलं पुस्तक जाणार आणि सुरी येणार. रातांबे फोडायचा तिला कंटाळा होता हे खरंच, पण तेवढ्यासाठी कुणी रात्र रात्र तळमळत नाही. वाचणारी म्हणूनच या वाडीत तिची ओळख होती. वाचणं गेलं तर त्या पडवीत आपण कोण, या प्रश्नाचं उत्तर तिला सापडत नव्हतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती.

तिचं आणखी एक काम होतं, आणि ते तिच्या समजुतीप्रमाणे कुणालाच माहीत नव्हतं. चौघींत सगळ्यांत लहान लक्ष्मी, चाळिशीची. तिचा नवरा बाबली तीन वर्षांमागे मासेमारीला गेला तो होडीसकट दर्यातच राहिला. त्यानंतर लक्ष्मी पुन्हा पडवीत येऊन बसायला लागली, तेव्हापासून आनंदीबाईच्या तोंडून एकही होडी बुडालेली नाही. ती पुढचं प्रकरण आदल्या संध्याकाळी घरी वाचून ठेवायची, आणि कुठे पाण्यात माणूस दिसला की दुसऱ्या दिवशी त्याला सुखरूप काठावर आणायची. एका ऐतिहासिक कादंबरीतली आरमाराची लढाई तर तिने सरळ उचलून डोंगरावर नेली होती. जहाजांच्या जागी घोडे कुठून आले, ते कुणी विचारलं नाही. पण आता संध्याकाळी काय लिहिलंय तेच दिसेना, मग दुसऱ्या दिवशी चुकवणार काय?

शेवटी दिसत नसल्याचं तिने नातीला सांगितलं. तन्वी ओरोसला सरकारी कचेरीत नोकरीला. तिथेच क्वार्टर्समध्ये राहायची आणि शनिवारच्या एसटीने घरी यायची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आजी, ई-बुक रीडर घेवया. अक्षर तुका होया तेवढा मोठा करूक येता.”

“पण कोणाक सांगू नको.”

“दिसना नाय ह्यात लाज कसली?”

“लाज नाय गो. सांगलंय काय माझ्या हातात सुरी देतले.”

तन्वीच्या ऑफिसात गुरुप्रसाद नावाचा एक वाचनवेडा होता. त्याच्याकडे असली दोन यंत्रं होती, एक लहान, एक मोठं. आजींनी दोन्ही वापरून बघावीत, पसंत पडेल तसलं नवं मागवू, असं म्हणून त्याने ती तन्वीकडे दिली, आणि सोबत माहितीही दिली. त्यात किती हजार पुस्तकं मावतात, चार्जिंग किती आठवडे टिकतं, उजेड पिवळा करता येतो की पांढरा. तन्वीने ते सगळं आजीला वाचून दाखवलं.

“माका एका येळेक एकच पुस्तक वाचूक होया,” आनंदीबाई म्हणाली. “बाकीची तेका आपल्याकडे ठेवूंदे.”

तिने त्या यंत्रांना पाट्या म्हणायला सुरुवात केली आणि परीक्षा घ्यायला ती मागीलदारी जाऊन बसली. समोर लायब्ररीतून आणलेली या वर्षीची कादंबरी, एका तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याच्या, तीन मुलींची. बायकांनी ती तीन लग्नांकडे बघून निवडली होती. तन्वीने तीच दोन्ही पाट्यांत घालून दिली.

धाकटी पाटी दिसायला गोजिरवाणी होती आणि हाताला हलकी. पण तिला बटण म्हणून नव्हतं. पान उलटायचं तर बोटाने काचेवर फुंकर घातल्यासारखं सारायचं. आनंदीबाईने अक्षर मनाजोगतं मोठं केलं तेव्हा तीन वाक्यांत पान संपायला लागलं. वर मे महिना. कपाळावरचा घामाचा थेंब काचेवर पडला आणि पान आपोआप उलटलं. दुसरा पडला, आणखी एक उलटलं. थोरलीच्या साखरपुड्याला बसलेली आनंदीबाई चार थेंबांत तिच्या पोराच्या बारशाला पोहोचली.

मोठ्या पाटीला कडेला दोन बटणं होती. अंगठा ठेवला की पान पुढे, खालचं दाबलं की मागे. घाम पडो, रस पडो, तिला काही देणंघेणं नाही. एका हातात पाटी धरली की दुसरा हात मोकळा राहायचा, आणि आनंदीबाईला तो हवाच होता. एक तर सोलांवरचे कावळे हाकायला, आणि हातवारे केल्याशिवाय तिला भांडण वाचताच यायचं नाही. ती पाटी घेऊन उन्हात उभी राहिली. मोबाईल उन्हात काळाठिक्कर पडतो. पण ही कागदासारखी स्वच्छ राहिली. आनंदीबाईने बोटभर उंचीचं अक्षर लावलं आणि वाचायला लागली. किती दिवसांनी डोळे न चोळता, भिंग न शोधता, एकामागून एक शब्द सरळ चालत तिच्याकडे येत होते. तिला इतका आनंद झाला, की गोठ्यातल्या म्हशीला तिने अर्धं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं.

वाचता वाचता ती पुष्कळ पुढे गेली, आणि तेराव्या प्रकरणात तिला कळलं की तिघी मुलींचा बाप, तो तांडेल, होडीसकट बुडतो. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तांडेल सर्दीने मरेल, स्वतःच्या खाटेवर, तिन्ही जावई उशाशी.

म्हणजे निवड झाली होती. बटणवाली मोठी पाटी. फक्त पडवीत काय सांगायचं तेवढं ठरायचं होतं. पण तन्वी कचेरीत काम करणारी मुलगी, निर्णयाआधी आणखी एक मत घ्यायची तिला सवय. ईडाचा मुलगा सिडनी आखातात होता, त्याला यंत्रातलं कळतं म्हणून तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं. सिडनी म्हणाला, काकीला दिसत नाही तर वाचायचा त्रास तरी कशाला द्यायचा? आणि तो चांगल्या मनाचा मुलगा असल्यामुळे नुसतं म्हणून थांबला नाही. सुट्टीला गावी येणाऱ्या एका मित्राबरोबर त्याने आईकडे तिसरंच यंत्र पाठवलं. हे स्वतःच वाचायचं, मोठ्याने, मराठीत.

“सिडनीन धाडल्यान,” ईडा पडवीत सगळ्यांना ते दाखवत म्हणाली. “आपणच वाचता. आनंदी, तुझ्या घशाक आता जरा आराम.” ती डोळ्यांविषयी काही बोलली नाही. त्या दिवशी शनिवार होता. तन्वी तिथेच होती. तिने तांडेलाची कादंबरी त्या यंत्रात घातली तेव्हा तिचा चेहरा आजीकडे वळला आणि पडला, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

आवाज बाईचा होता. स्वच्छ, शुद्ध, आणि एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागल्याची वर्दी देतात तसा एका सुरातला. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं ते त्या सुरात, मोडलं तेही त्याच सुरात. आत साल्वादोर तिसऱ्या वाक्याला खराखुरा घोरायला लागला. पण बायकांना नवलाई होती. हात भराभर चालत होते. आणि थोड्या वेळाने काशीबाईने, मनात काही वाईट नसताना, जी गोष्ट व्हायची होती ती केली. एक टोपली आनंदीबाईकडे सरकवली आणि वर सुरी ठेवली.

“हात कित्याक रिकामे? घे.”

आनंदीबाईने सुरी घेतली.  पहिलाच रातांबा उडून ईडाच्या मांडीवर गेला. दुसऱ्याबरोबर अंगठा कापला गेला, आणि त्या कापल्यात आंबट रस गेल्यावर काय होतं ते ज्याचं गेलंय त्यालाच माहीत. बायकांनी हसून घेतलं, तीही हसली.

पुढचे काही दिवस असेच गेले. पहिल्या दिवशी काशीबाई यंत्राला विचारायची, “आता ही कोण गो?” बाई काही सांगायची नाही, पुढे जायची. मग काशीबाईने विचारायचं सोडून दिलं. लक्ष्मीच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला, पास झाल्याचं सांगायला ती धावत आली, तरी त्या गडबडीतसुद्धा बाई वाचतच राहिली आणि धाकटीचं लग्न कुणाशी झालं ते कुणालाच कळलं नाही. आनंदीबाईला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पण चहाच्या वेळेपर्यंत टोपल्या रिकाम्या व्हायच्या. “काम उरकता पण,” काशीबाई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. एका संध्याकाळी आनंदीबाईने तन्वीला फोन केला.

“तुझ्या हापिसातल्या त्या झिलाच्या दोनय पाट्ये शनवारी घेवन जा. माका काय नको.”

“आजी, पण तुका ती मोठी आवडली होती.”

“आवडून काय करू? म्हशीक वाचून दाखवू?”

शनिवार आला. तन्वी दुपारच्या गाडीने यायची होती. पडवीत यंत्र लागलं, सुऱ्या चालू झाल्या, आणि आनंदीबाई खाली मान घालून रातांब्यांची वाट लावत होती. लक्ष तिचं शब्दांकडे होतं. तेरावं प्रकरण सुरू झालं होतं.

‘वारा पडला आणि मग उलटा फिरला,’ यंत्रातली बाई सांगत होती. ‘दर्याचा रंग बदलला. तांडेलाने शीड उतरवायला सांगितलं.’

आनंदीबाईने लक्ष्मीकडे पाहिलं. लक्ष्मीची मान खाली होती, पण तिचे हात मंदावले होते. आनंदीबाई उठली, यंत्राजवळ गेली आणि काचेवर बोट दाबलं. बोट रसाने चिकट झालेलं. यंत्राने थांबायचं सोडून आवाज वाढवला. तिने बोट पदराला पुसलं, पुन्हा दाबलं. आवाज आणखी वाढला.

‘पहिली लाट होडीच्या तोंडावर आली—’

“आणि तितक्यात वारो पडलो,” आनंदीबाई त्या बाईच्या वरताण आवाजात म्हणाली, “आणि तांडेलान होडी वळवल्यान.”

‘—तेव्हा त्याच्या लक्षात आलं की किनारा दिसत नाही.’

“किनारो समोरच होतो. सांज व्हायच्या आत बंदरात इले सगळे. जेवले, निजले.”

‘दुसरी लाट—’

“लाट बिट काय नाय.”

ईडाच्या ध्यानात आलं. तिने यंत्र उचललं, आत नेलं, तांदळाच्या डब्यात घातलं आणि झाकण लावलं. डब्यातूनही बाई थोडा वेळ बुडवत राहिली, मग ऐकू येईनाशी झाली.  अंगणात सोलांवर कावळा येऊन बसला, त्याला कुणी हाकलं नाही.

“काकी,” लक्ष्मी म्हणाली, “बुडली मा?”

“नाय गो. बंदरात इली. सांगलंय मा मी.”

“तीन वर्सा सगळेच बंदरात येतत.” लक्ष्मीने हातातला रातांबा फोडला आणि साल परातीत टाकली. “ती लढाईसुद्दा तू डोंगरार नेलंस. माका काय कळणा नाय?”

आनंदीबाई उभीच राहिली. “मगे बोललंस कित्याक नाय?”

“कित्याक बोलू? आयकूक बरा वाटायचा. आमचो इलो नाय. पण तुझ्या पुस्तकातले तरी सगळे परत येतत, जेवतत, निजतत. घराक गेल्यार माका झोप लागायची.” ती थोडी थांबली. “पण आता त्या बायेन अर्धी बुडवून ठेवल्यान. अशी मधीच नको, काकी. तू वाच. काय लिवलेला आसा ताच वाच. तू वाचतलंस तर आयकान मी.”

लायब्ररीचं पुस्तक कोनाड्यात होतं. ईडाने ते काढून आनंदीबाईपुढे धरलं. आनंदीबाईने ते घेतलं नाही.

“माका दिसना नाय,” ती म्हणाली.

इतके दिवस गिळून ठेवलेलं ते वाक्य इतकं लहान होतं, की बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. “गेल्या वर्सापासून दिसना नाय. भिंग घेवन पाठ करी होतंय. मगे ताय जमाक नाय.”

“मगे तो पोस्टमास्तराचो भाव?” काशीबाईने विचारलं.

“तो मी घातलेलो.”

“वाटलाच माका,” काशीबाई म्हणाली. आणि जरा विचार करून, “बरो होतो पण तो.”

“डोळ्यांचा माका सिडनीन सांगलेल्यान,” ईडा म्हणाली. “म्हणान तर ता यंत्र. माका वाटला, तुझी सुटका होतली.”

“इतकी वर्सा एक रातांबो फोडूक नाय मी,” आनंदीबाई म्हणाली. “कसल्यातसून सुटका करतंस माझी?”

पहिली हसली ती लक्ष्मी. मग सगळ्याच हसल्या, आणि आतून साल्वादोरही, म्हणजे तो जागा होता. हसता हसता आनंदीबाईने डोळ्यांना पदर लावला. “थांबा. येतंय,” असं म्हणून ती काजूच्या झाडांखालून आपल्या घरी गेली, पिशवीत बांधून ठेवलेल्या दोन पाट्यांतली मोठी काढली आणि परत आली. आपल्या जुन्या जागी बसली, खांबाला पाठ टेकून. पाटी चालू केली.

“अगो बाय, ही अक्षरा माका हयसून दिसतत,” काशीबाई पलीकडच्या कोपऱ्यातून म्हणाली.

“मगे तूच वाच,” आनंदीबाई म्हणाली. काशीबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून ती नुसती हसली.

आनंदीबाईने तेरावं प्रकरण काढलं आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं. तिने सोंग केलं नाही, हातवारे केले नाहीत. वारा उलटा फिरला तो तसाच वाचला. तांडेलाने धाकट्या खलाशाला पिंप धरून ठेवायला सांगितलं ते वाचलं. लाटा आल्या. किनारा दिसला नाही. तिचा अंगठा बटणावर होता आणि एकेक पान ती अगदी सावकाश पुढे नेत होती, कारण पुढे काय आहे ते तिला ठाऊक होतं.

होडी उलटली, तांडेल दिसेनासा झाला, तिथे पान संपलं. लक्ष्मीचे हात थांबले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लाल हातांनी ते पुसता येत नव्हतं, म्हणून तिने ते वाहू दिलं. ईडाने आपला रुमाल काढून तिचे गाल टिपले.  आनंदीबाईने बटण दाबलं नाही. पाटी मांडीवर धरून ती नुसती बसून राहिली. वाचणाऱ्या माणसाने कुठे थांबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तेवढं तिला येत होतं. 

मग लक्ष्मीने सुरी उचलली.

“फुडे,” ती म्हणाली.

आनंदीबाईने अंगठा दाबला. पुढे तीन मुली होत्या, घर होतं, दिवस होते, आणि थोडा वेळ गेल्यावर एक मावशी होती, जी नाकात बोलायची. ती आली तशी आनंदीबाईचा हात आपोआप हवेत गेला आणि काशीबाईने विचारलं, “आता ही कोण गो?” आनंदीबाईने मावशीचं माहेर सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात लक्ष्मीने पाय लांब करून आनंदीबाईची टोपली आपल्याकडे ओढून घेतली. आतले आनंदीबाईने फोडलेले रातांबे बघून तिने मान हलवली आणि ते बाजूला काढून पुन्हा नीट करायला घेतले.

तन्वी आली ती पाट्या परत न्यायला. पडवीतलं दृश्य बघून दारातच थबकली. तिला सगळं सांगेपर्यंत चहा झाला. सिडनीचं यंत्र कुणी शोधायच्या आधीच साल्वादोरने तांदळातून काढून स्वतःच्या उशाशी नेलं होतं. त्या आवाजाने लागते तशी झोप दुसऱ्या कशानेच लागत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. म्हणजे तेही मार्गी लागलं.

“मगे शेवटचा सांगा,” तन्वी मोबाईल काढून म्हणाली. “नवा खयचा मागवू? आता एक नवीन इलाहा, रंगीत. बटणाय आसत, आणि होया तर बोलताय. बोलणारा घेतलास तर आजीक कधी बरा नसला तर—”

ती आजीकडे बघून बोलत होती, पण उत्तर लक्ष्मीने दिलं, रातांब्यावरून मान वर न करता.

“ह्या बटणवालाच घे,” ती म्हणाली. “काकी थांबली काय ता थांबता.”